कांदा, चहा, दुधी आणि आपलें हृदय

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांत रक्ताभिसरणाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, दुधी भोपळ्याच्या रसानें हृदयाच्या वाहिन्या साफ होतात, हें खरें का? बाबांनीं रक्तदाबाच्या गोळ्या सोडून रोज सकाळीं एक पेला रस घ्यावयाचें ठरविलें आहे." वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, काळजी होती. "डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळ्या सोडूं नयेत, एवढें आजच बाबांना सांग," असें म्हणून मीं तो तास संपविला. परंतु त्याच्या प्रश्नाच्या पहिल्या भागास माझ्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. तें शोधण्यांत पुढची सुटी गेली. जें हातीं लागलें तें विद्यार्थ्यांपुढें, आणि विशेषतः त्यांच्या आईबापांपुढें, ठेवीत आहें.

हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हे. कोणत्याही मोठ्या शहरांत भल्या सकाळीं फिरावयाच्या मैदानाबाहेर जाऊन पाहावें. दुधी, कारलें, आंवळा, बीट यांचे हिरवे-तांबडे रस बरण्यांत भरून ठेवलेले दिसतात, आणि कोणता रस कोणत्या अवयवास हितकर हेंही पाटीवर लिहिलेलें असतें. ह्या श्रद्धेची थट्टा करणें सोपें आहे. परंतु झाडपाल्यांत हृदयास उपयोगी पडेल असें कांहीं द्रव्य असावें, ही कल्पना मुळांत मूर्खपणाची नाहीं. इंग्लंडांत विल्यम विदरिंग ह्या डॉक्टरानें 'फॉक्सग्लोव्ह' नांवाच्या फुलझाडाच्या पानांचा अंगावर चढणाऱ्या सुजेवर होणारा उपयोग १७८५ सालीं पुस्तकरूपानें जगापुढें मांडला. त्याच जातीच्या झाडापासून निघणारें डिगॉक्सिन आजही हृदयाच्या कांहीं विकारांत देतात. आणि मात्रा थोडी वाढली तर तेंच प्राण घेतें. ही दुसरी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हृदयविकार हा म्हातारपणचा रोग, अशी समजूत आपल्या लोकांत अद्याप आहे. ती आपल्यापुरती तरी खरी नाहीं. ५२ देशांत मिळून केलेल्या 'इंटरहार्ट' नांवाच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले, आणि २००७ सालीं त्यांतील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका येथील लोकांचा हिशेब निराळा मांडण्यांत आला. त्यावरून असें दिसलें कीं, आपल्या ह्या भूभागांत पहिला झटका सरासरीनें ५३ व्या वर्षीं येतो, इतरत्र तो जवळजवळ ५९ व्या वर्षीं. सहा वर्षें म्हणजे थोडीं नव्हेत. घरांतील धाकटें मूल शाळेंत किंवा कॉलेजांत असतें, कर्ज फिटलेलें नसतें, अशा वयांत हा पाहुणा दार ठोठावतो. त्याच हिशेबांत आणखी एक आंकडा आहे. ज्यांस हा विकार झालेला नव्हता अशा लोकांतही फळें व भाज्या रोज खाणारे आपल्याकडे शेंकडा २६-२७ च निघाले. इतर देशांत शेंकडा ४५. शाकाहाराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या भूभागाची ही स्थिति! शाकाहार म्हणजे मांस न खाणें, एवढाच अर्थ आपण केला. शाक खाणें हा अर्थ राहून गेला.

विकार कसा होतो, हें थोडक्यांत सांगतों. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या त्याच्याच अंगावरून गेलेल्या असतात. त्यांच्या आंतील अस्तराखालीं कोलेस्टेरॉल हा मेणचट पदार्थ वर्षानुवर्षें सांचत जातो. एखाद्या दिवशीं तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गांठ धरते, वाट बंद होते, आणि पुढचा स्नायु रक्तावांचून मरूं लागतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तांतील कोलेस्टेरॉलचें आधिक्य हे ह्या कामीं त्याचे साथीदार. तेव्हां प्रश्न असा कीं, रोजच्या ताटांतील वनस्पतींपैकीं कोणतें द्रव्य ह्या दीर्घ व्यापाराच्या आड येतें?

असल्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तरी कसें? आपल्या शाळेंतील मुलांस शास्त्रवाचनाच्या तासामुळें दानीएलाची गोष्ट पाठ आहे. बाबेलच्या राजाचें मिष्टान्न व द्राक्षारस नाकारून दानीएलानें व त्याच्या तिघां सोबत्यांनीं दहा दिवस शाकान्न व पाणी मागून घेतलें, आणि मग आमचे चेहरे राजाचें अन्न खाणाऱ्या तरुणांच्या चेहऱ्यांशीं ताडून पाहा, असें कारभाऱ्यास सांगितलें. ती कथा श्रद्धेची आहे, आहारशास्त्राची नव्हे, हें मी जाणतों. तथापि तिच्यांत प्रयोगाचीं तीन अंगें स्वच्छ दिसतात: दोन गट, ठरलेली मुदत, आणि शेवटीं तुलना. एकच अंग तिच्यांत नाहीं. दानीएलानें शाकान्न स्वतः निवडलें. जो मनुष्य राजाच्या पंक्तीस नकार देऊं शकतो तो इतर बाबतींतही चारचौघांसारखा नसतो; त्याची झोंप, त्याचा संयम, त्याचें मन हीं सर्व निराळीं. मग चेहऱ्यावरचें तेज भाजीचें कीं त्या मनाचें, हें परक्यानें कसें ओळखावें? ही अडचण वाचकांनीं मनांत धरावी, कारण गेल्या पन्नास वर्षांतील पुष्कळ विद्वान् तिच्याच दाराशीं अडखळले आहेत.

आतां हॉलंडांत जाऊं. त्या देशाच्या पूर्वभागांत झुटफेन नांवाचें जुनें गांव आहे. तेथील पुरुषांच्या आहाराची व प्रकृतीची पाहणी १९६० सालापासून चालू होती. १९८५ सालीं ६५ ते ८४ वर्षें वयाच्या ८०५ वृद्धांस ते काय काय खातात हें तपशीलवार विचारण्यांत आलें, आणि पुढें पांच वर्षें त्यांच्यावर लक्ष ठेवण्यांत आलें. हर्टॉग व त्यांचे सहकारी यांनीं शोधलें तें फ्लॅव्होनॉइड नांवाच्या द्रव्यांविषयीं. हीं द्रव्यें वनस्पतींत सर्वत्र असतात. जास्वंदीचा तांबडा रंग ह्याच कुळांतला. लिंबू पिळल्याबरोबर तो रंग पालटतो, हें प्रयोगशाळेंत प्रत्येकानें पाहिलें आहे. कांद्यांत ह्या कुळांतील क्वेर्सेटिन नांवाचें पिवळें द्रव्य असतें. वाळलेलीं टरफलें पाण्यांत उकळून त्यांत तुरटी टाकावी व पांढरें फडकें बुडवावें, म्हणजे तें दृष्टीस पडतें. युरोपांत पुनरुत्थानाच्या सणासाठीं कित्येक घरीं अंडीं ह्याच टरफलांनीं रंगवितात. गंमत अशी कीं, हें द्रव्य सर्वांत अधिक बाहेरच्या पापुद्र्यांत असतें, जे आपण पहिल्यानें फेंकून देतों. आणि पांढऱ्या कांद्यांत तें फारच थोडें.

झुटफेनच्या वृद्धांस हीं द्रव्यें मिळत तीं मुख्यतः तीन वस्तूंतून. निम्म्याहून अधिक चहांतून, बाकीचीं बहुतेक कांद्यांतून व सफरचंदांतून. सर्वांचे तीन गट पाडले, तेव्हां जे सर्वांत अधिक फ्लॅव्होनॉइड खात होते त्यांच्यांत हृदयविकारानें झालेल्या मृत्यूंचें प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही खालीं आढळलें. १९९३ सालीं हा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आला आणि जगभर बोलबाला झाला. चहा आणि कांदा! म्हणजे आमच्या मजुराची न्याहारी. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या बाजारांत ज्याच्या राशी लागतात, तोच हा कांदा. औषध इतकें स्वस्त मिळणें विरळाच.

परंतु त्याच हर्टॉगनीं वेल्समधील संशोधकांसह तोच प्रश्न तेथील केअरफिली गांवीं विचारला. १९०० मध्यमवयीन पुरुष, चौदा वर्षांची पाहणी; निकाल १९९७ सालीं आला. येथेंही फ्लॅव्होनॉइड येत होते ते मुख्यतः चहांतूनच, आणि चहा तर भरपूर. तरी हृदयविकार तिळमात्र कमी नाहीं. उलट अतिशय चहा पिणाऱ्यांत मृत्यूंचें प्रमाण अधिकच! एकाच द्रव्याची हॉलंडांत एक गोष्ट, वेल्समध्यें दुसरी, हें कसें?

एक खुलासा असा सुचविण्यांत आला कीं, हॉलंडांत चहा कोरा पितात, वेल्समध्यें दूध घालून. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन चहांतील द्रव्यांस धरून ठेवीत असेल. २००७ सालीं बर्लिन येथें १६ निरोगी स्त्रियांस कधीं कोरा चहा, कधीं दुधाचा चहा, कधीं नुसतें कढत पाणी देऊन हातांतील रोहिणी किती प्रसरण पावते हें मोजलें. कोऱ्या चहानें ती चांगली फुलली. दूध घालतांच तो गुण नाहींसा झाला. आमच्या घरांत तर दुधांतच चहा उकळतात. हें वाचून मीं स्वतः आठवडाभर कोरा चहा घेऊन पाहिला. आठव्या दिवशीं सौभाग्यवतींनीं पूर्ववत् दूध घातलें आणि मीं विरोध केला नाहीं. विरोध न करण्यास थोडा शास्त्राधारही होता. दुसऱ्या कांहीं संशोधकांनीं रक्त तपासून पाहिलें, तेव्हां दूध घातलें तरी चहांतील तीं द्रव्यें रक्तांत तितकींच उतरतात असें त्यांस आढळलें. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

दुसरा खुलासा साधा आहे, आणि मला तो अधिक पटतो. केअरफिलीच्या भागांत दिवसाला आठ-आठ पेले चहा पिणारा मनुष्य हा बहुधा अंगमेहनत करणारा, सिगारेट ओढणारा, चरबीचें अन्न खाणारा. चहा हा त्याच्या सगळ्या राहणीची खूण होता. झुटफेनला तसें नव्हतें. म्हणजे संशोधक समजत होते कीं आपण चहा मोजीत आहों; वस्तुतः ते माणसाची राहणी मोजीत होते. दानीएलाची अडचण ती हीच.

हिच्यांतून सुटण्याचा मार्ग एकच आहे. कोणी काय घ्यावें हें त्याच्यावर न सोपवितां चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें, आणि खरी गोळी कोणाची व खोटी कोणाची हें घेणाऱ्यास किंवा देणाऱ्यासही कळूं द्यावयाचें नाहीं. तसें केलें, आणि त्याचा जो निकाल लागला तो शास्त्राच्या इतिहासांतील एक विलक्षण प्रकरण आहे.

गाजर, आंबा, हिरव्या पालेभाज्या यांत बीटा-कॅरोटीन असतें. ज्यांच्या रक्तांत तें अधिक त्यांस कर्करोग व हृदयविकार कमी, असें पुष्कळ पाहण्यांत दिसलें होतें. मग तेंच शुद्ध स्वरूपांत गोळींतून कां न द्यावें? फिनलंडांत विडीकाडी ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. कोणास ५, कोणास ८ वर्षें. १९९४ सालीं मोहोरबंद यादी फोडली तेव्हां दिसलें कीं, बीटा-कॅरोटीन मिळालेल्यांत फुफ्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक आणि एकंदर मृत्यु शेंकडा ८ नें अधिक. हृदयविकाराचे मृत्युही त्यांत होतेच. प्रथम हा योगायोग असावा असें कित्येकांस वाटलें. परंतु अमेरिकेंत अशाच १८,३१४ लोकांवर बीटा-कॅरोटीन व 'अ' जीवनसत्त्व यांचा प्रयोग चालू होता, तो जानेवारी १९९६ मध्यें, मुदतीच्या २१ महिने आधीं, बंद करावा लागला. कारण तेथेंही गोळी घेणारेच अधिक मरत होते. त्याच सुमारास २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांनीं स्वतःवर बारा वर्षें केलेल्या प्रयोगाचा निकाल लागला: लाभही नाहीं, हानिही नाहीं.

गाजर निर्दोष ठरलें. गाजराचा अर्क दोषी ठरला. जीं माणसें भाजी खातात त्यांच्या रक्तांत बीटा-कॅरोटीन सांपडतें, हें खरें. पण म्हणून त्यांचें आरोग्य बीटा-कॅरोटीनचें, असें होत नाहीं. घराच्या धुराड्यांतून धूर निघतो तेव्हां आंत स्वयंपाक चालला आहे असें आपण समजतों. परंतु धूर पोटांत घेतल्यानें भूक भागत नाहीं.

ह्यापूर्वींही एकदां असा इशारा मिळाला होता. हंगेरींतील आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनीं 'क' जीवनसत्त्व वेगळें काढलें व १९३७ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें. रात्रीच्या जेवणांत वाढलेली लाल मिरची खावयाची नव्हती, म्हणून ती सबब सांगून प्रयोगशाळेंत नेली आणि तींत तें जीवनसत्त्व विपुल सांपडलें, अशी गंमतीची हकीकत त्यांनीं स्वतः सांगून ठेविली आहे. (मुलांनीं ही सबब घरीं वापरूं नये.) त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, बारीक वाहिन्यांतून रक्त पाझरण्याच्या एका विकारांत शुद्ध जीवनसत्त्वानें गुण येत नाहीं, पण लिंबाच्या अशुद्ध अर्कानें येतो. त्या अशुद्धांत असलेल्या फ्लॅव्होनॉइडांस त्यांनीं १९३६ सालीं 'प' जीवनसत्त्व असें नांव दिलें. पुढें तें जीवनसत्त्व आहे असें सिद्ध होईना, आणि १९५० च्या सुमारास नांव मागें पडलें.

मग हीं द्रव्यें करतात तरी काय? पुष्कळ दिवस असें सांगत कीं, लोखंड जसें गंजतें तसे रक्तांतील स्निग्ध पदार्थ प्राणवायूच्या संयोगानें बिघडतात, आणि हीं द्रव्यें तो गंज थांबवितात. कांचेच्या नळींत तें खरें आहे. शरीरांत मात्र त्यांतील थोडाच भाग आंतड्यांतून आंत येतो, आणि तोही यकृतांत लगेच रूप पालटतो. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची गंजविरोधी शक्ति वाढते, असें मोजमापांत दिसे. २००४ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं दाखविलें कीं ती वाढ फ्लॅव्होनॉइडांनीं नव्हे, तर फळांतील साखरेमुळें रक्तांत वाढणाऱ्या यूरिक आम्लानें होते! कोणत्या फळांत ही शक्ति किती, याचा जो कोष्टक-संग्रह अमेरिकेच्या शेतकी खात्यानें प्रसिद्ध केला होता, तो विक्रेते जाहिरातींत वापरूं लागल्यामुळें व त्याचा आरोग्याशीं संबंध सिद्ध न झाल्यामुळें, २०१२ सालीं त्या खात्यानें मागें घेतला. तरी आपल्याकडे डब्यांवर तो शब्द अजून मोठ्या अक्षरांत छापतात.

एवढ्यावरून सगळा झाडपाला निरुपयोगी असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांचें काम समजलें आहे आणि मोजून पाहिलें आहे, अशीं द्रव्यें आहेत. तीं रसवाल्याच्या पाटीवर क्वचितच दिसतात, एवढेंच.

पहिलें म्हणजे चोथा. त्यांतही पाण्यांत फुगून बुळबुळीत होणारा. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लें तयार करून आंतड्यांत सोडतें, आणि अन्न पचल्यावर त्यांतील बहुतेक भाग पुन्हां शोषून घेऊन वापरतें. हा फार काटकसरी संसार आहे. बुळबुळीत चोथा त्या पित्ताम्लांस आपल्यांत गुंतवून शरीराबाहेर नेतो. मग यकृताला नवीन पित्ताम्लें करण्यासाठीं रक्तांतून कोलेस्टेरॉल ओढून घ्यावें लागतें, आणि रक्तांतील सांठा उतरतो. ओट धान्यांतील असा चोथा रोज ३ ग्रॅम पोटांत गेला तर हें घडतें असें ठरल्यावर १९९७ सालीं अमेरिकन सरकारनें त्या धान्याच्या पुड्यावर तसें लिहिण्यास परवानगी दिली; पुढच्या वर्षीं इसबगोलासही. ओट परदेशी व महाग आहे म्हणून खंत नको. तोच चोथा जवांत आहे. आणि त्याच्या जातीचें काम करणारा चोथा गवारींत, मेथ्यांत, मटकी-चवळीच्या उसळींत आहे. ह्यानें कोलेस्टेरॉल शेंकडा पांच-सातनें उतरतें, अधिक नव्हे. परंतु तें रोज उतरतें, आणि कोणास अपाय होत नाहीं.

दुसरें वनस्पतींतील स्टेरॉल. हे कोलेस्टेरॉलचे जणूं जुळे भाऊ. आंतड्यांच्या दाराशीं त्याची जागा अडवून बसतात. रोज २ ग्रॅम घेतले तर कोलेस्टेरॉल शेंकडा आठ-दहा कमी होतें. पण साध्या जेवणांतून मिळतात ते फार तर पाव ते अर्धा ग्रॅम. म्हणून फिनलंडांत १९९५ सालीं ते घातलेलें कृत्रिम लोणी विकावयास काढलें. त्यानें झटके कमी होतात असें प्रयोगानें अद्याप दाखविलेलें नाहीं. तेव्हां ह्यावर अधिक शाई खर्चीत नाहीं.

तिसऱ्या द्रव्याची हकीकत मात्र मुलांस आवडेल. बीट, पालक, माठ, मुळा यांत नायट्रेट असतें. तें पोटांतून रक्तांत जातें, आणि रक्तांतून, नवल असें कीं, पुन्हां तोंडांत येतें. लाळग्रंथि तें ओढून घेऊन लाळेंत कितीतरी पट दाट करतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जंतु त्या नायट्रेटाचें नायट्राइट करतात. तें आपण गिळतों, आणि शरीरांत त्याचा नायट्रिक ऑक्साईड हा वायु होतो, जो रोहिण्यांच्या भिंती सैल करतो. हृदयांत कळ येतांच रोगी जिभेखालीं गोळी ठेवतो, तिचें काम ह्याच वायूनें चालतें. हें ज्यांनीं उलगडलें त्या तिघां शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतला योगायोग असा कीं, सुरुंगाच्या दारूसाठीं नायट्रोग्लिसरीन वापरून गबर झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांस मरणापूर्वीं त्यांच्या डॉक्टरांनीं हृदयाच्या दुखण्यावर तेंच नायट्रोग्लिसरीन लिहून दिलें होतें!

२००८ सालीं लंडनमध्यें निरोगी माणसांस अर्धा लिटर बीटाचा रस पाजून पाहिलें. दोन-तीन तासांनीं वरचा रक्तदाब सुमारें १० मिलिमीटरांनीं उतरला. मग त्याच प्रयोगांत रस घेतल्यावर लाळ न गिळतां थुंकून टाकावयास सांगितलें, तेव्हां दाब उतरलाच नाहीं. जंतुनाशक पाण्यानें चुळा भरल्या तरी असेंच होतें, हें इतरांनीं दाखविलें. म्हणजे पालकाच्या भाजीचा हा गुण पालकाचा एकट्याचा नव्हे. तो खाणाऱ्याच्या जिभेवरच्या बिनपगारी नोकरांचाही आहे. पण तो कांहीं तासांचा असतो. सोमवारीं प्यालेला रस गुरुवारीं कामास येत नाहीं, आणि रक्तदाबाच्या गोळीची जागा तर तो घेऊं शकतच नाहीं.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. फ्रान्समधील लियॉन येथें हृदयविकाराचा एक झटका येऊन वांचलेल्या ६०५ रोग्यांच्या दोन तुकड्या केल्या. एकीस नेहमींचा सल्ला; दुसरीस जेवणच पालटावयास सांगितलें: भाकरी-पाव अधिक, फळावांचून दिवस नाहीं, भाजी व कडधान्य अधिक, तांबडें मांस कमी, लोण्याऐवजीं विशिष्ट वनस्पतिज स्नेह. १९९४ सालीं आलेल्या निकालांत दुसऱ्या तुकडींत दुसरा झटका व हृदयविकाराचे मृत्यु मिळून सुमारें शेंकडा ७० नें कमी आढळले. प्रयोग लहान होता. इतकी मोठी घट दर वेळीं दिसेल असें मी म्हणत नाहीं. परंतु जें गोळीला साधलें नाहीं, तें ताटाला साधलें. त्यांतील कोणत्या द्रव्यानें साधलें, असें विचारल्यास उत्तर नाहीं. कदाचित् अर्धें श्रेय ताटांत आलेल्या वस्तूंचें आणि अर्धें ताटांतून गेलेल्या वस्तूंचें असेल. वाटीभर उसळ खाल्ली म्हणजे तेवढ्या जागेंत फरसाण बसत नाहीं.

फ्लॅव्होनॉइडांचा खटलाही अजून पुरता निकालांत निघालेला नाहीं, हें न सांगणें अन्यायाचें होईल. २०२२ सालीं अमेरिकेंतील २१,४४२ वृद्धांवर कोकोच्या बियांतील फ्लॅव्होनॉइडांचा, चिठ्ठ्या टाकून केलेला, प्रयोग प्रसिद्ध झाला. झटके, शस्त्रक्रिया, मृत्यु हीं सर्व एकत्र मोजलीं तेव्हां फरक निश्चित म्हणण्याइतका नव्हता. नुसते हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यु मोजले तेव्हां ते शेंकडा २७ नें कमी होते. आशा धरावी, पण दुकानांतील चॉकोलेट हें त्या प्रयोगांतील द्रव्य नव्हे, एवढें मुलांनीं आईस स्वतः होऊन सांगावें.

आतां दुधीकडे येतों. दुधीच्या रसानें वाहिन्या साफ होतात, असें दाखविणारा भरंवशाचा प्रयोग मला एकही सांपडला नाहीं. सांपडलें तें दुसरेंच. दुधी, काकडी, दोडका, कारलें हें सारें एक कुळ. ह्या कुळांतील वेली, जनावरांनीं खाऊं नये म्हणून, क्युकर्बिटासिन नांवाचीं अत्यंत कडू विषें तयार करतात. माणसानें पिढ्यान् पिढ्या गोड वेल निवडीत आणल्यामुळें बाजारांतील दुधींत तीं नसल्यासारखीं असतात. पण क्वचित् एखादा दुधी पूर्वजांच्या वळणावर जातो. दिसण्यांत कांहींही फरक नसतो. अशा दुधीचा रस पोटांत गेला तर थोड्याच वेळांत उलट्या, जुलाब, रक्ताची ओकारी सुरू होते, रक्तदाब कोसळतो. ह्यावर उतारा नाहीं. आपल्या देशांत ह्या रसानें माणसें दगावलीं, तेव्हां भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिति नेमली. तिचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला.

ज्यांनीं तो कडू रस प्याला त्यांस तो कडू लागला नसेल काय? लागला असेलच. पण औषध म्हटलें कीं तें कडू असावयाचेंच, अशी आपली लहानपणापासूनची शिकवण. भाजी कडू निघाली तर पहिल्याच घासाला पान बाजूस सारतों. रस कडू निघाला तर डोळे मिटून गटकन् गिळतों, आणि जितका कडू तितका गुणकारी असें मानतों. त्यांत कारल्याचा रस मिसळला असेल तर विषाचा कडूपणा कोणता व कारल्याचा कोणता, हेंही कळत नाहीं. विदरिंगच्या झाडाविषयीं आरंभीं जें म्हटलें तें येथें लागू पडतें. फरक इतकाच कीं, डिगॉक्सिनची मात्रा डॉक्टर मोजून देतात, आणि रसाच्या पेल्यांत काय उतरलें हें कोणीच मोजीत नाहीं.

म्हणून त्या विद्यार्थ्यास, आणि त्याच्यामार्फत त्याच्या वडिलांस, राहिलेलें उत्तर असें. गोळ्या चालू ठेवाव्या. त्या कमी-अधिक करणें हें डॉक्टरांचें काम आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉर्फरिन चालू असेल तर पालेभाज्यांचें प्रमाणही एकाएकीं वाढवूं किंवा घटवूं नये, कारण त्यांतील 'के' जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध जातें. दुधी अवश्य खावा, पण भाजी करून, चण्याच्या डाळीबरोबर. चिरण्यापूर्वीं देंठाकडचा एक बारीक तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, आणि सगळा दुधी फेंकून द्यावा. शिजविल्यानें तें विष जात नाहीं. रस घ्यावयाचाच असा आग्रह असेल तर हीच परीक्षा करावी, दुसरा कोणताही रस त्यांत मिसळूं नये, आणि पिऊन पोटांत कळ किंवा उलटी आली तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां तडक इस्पितळ गांठावें.